जोडासांकोचा जमाखर्च



आजच्या कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाटची शेते होती, तेथे गेल्या पंचवीस वर्षांत न्यू टाउन नावाचे नवे नगर वसले. ‘कोल इंडिया’ ह्या सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय ह्याच नगरात आहे, आणि तिच्या ताब्यातील कोळशाच्या क्षेत्रांपैकी राणीगंजचे क्षेत्र वयाने सर्वांत वडील आहे. कार्यालयाच्या आसपास जी उंच उंच निवासस्थाने उभी आहेत त्यांत राहणारी बहुतेक कुटुंबे पगारावर जगणारी आणि घरकर्जाचे हप्ते फेडणारी. २०२० साली साथीने कामधंदे बंद पाडले तेव्हा येथल्या घरांत, आणि पुण्यामुंबईच्या घरांतही, एकच प्रश्न विचारला गेला : आवक घटली, आता कोणता खर्च आधी कमी करावयाचा? लहान व्यापाऱ्यापुढे हा प्रश्न अधिक बिकट रूपाने उभा राहतो. कारण दुकानाचा गल्ला आणि घरातला डबा ह्यांच्यामधली भिंत त्याच्याकडे पुष्कळदा कागदाचीच असते.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर ह्याच शहरात १८४८ साली दिले गेले. ते ज्या घराण्याने दिले त्याच्या पेढीकडे राणीगंजची खाण एके काळी होती. घराणे जोडासांकोच्या ठाकुरांचे, म्हणजे आपण ज्यांना टागोर म्हणतो त्यांचे. रवींद्रनाथांमुळे ते मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. आज मात्र आपणांस त्यांच्या काव्याकडे वळावयाचे नाही. त्यांच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या वह्यांकडे वळावयाचे आहे.

रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ह्यांचा जन्म १७९४ चा. जमीनदारी, कायद्याचे ज्ञान आणि कंपनी सरकारच्या मीठखात्यातील दिवाणगिरी ह्या तिन्हींच्या बळावर त्यांनी अमाप पैसा मिळविला. त्यांच्या उमेदीच्या वयात कलकत्त्याचा व्यापार काही मोठ्या इंग्रज पेढ्यांच्या हाती होता. कंपनीच्या नोकरांनी आपली शिल्लक ह्या पेढ्यांकडे ठेवावी, पेढ्यांनी ती निळीच्या लागवडीत गुंतवावी, आणि निळीचा भाव चढेल ह्या भरवशावर सर्वांनी सुखाने निजावे, असा तो काळ. १८३० च्या जानेवारीत पामर कंपनीचे दिवाळे निघाले. पाठोपाठ अलेक्झांडर, मॅकिन्टॉश, फर्ग्युसन अशा एकेक पेढ्या बसत गेल्या, आणि १८३४ च्या आरंभी क्रुटेन्डन पेढी बसली तेव्हा त्या मालिकेतले शेवटचे मोठे नाव पुसले गेले. अनेकांची आयुष्यभराची पुंजी त्यांबरोबर गेली.

ह्याच १८३४ साली द्वारकानाथांनी सरकारी नोकरी सोडून विल्यम कार ह्या इंग्रजाच्या भागीत ‘कार, टागोर आणि कंपनी’ काढली. इतरांची घरे जळत असताना नवे घर बांधावयास घेण्यासारखे हे धाडस होते, आणि काही वर्षे ते फळलेही. रेशीम, नीळ, साखर ह्यांचा व्यापार झाला; गंगेत जहाजे ओढणाऱ्या आगबोटींची कंपनी निघाली; बुडालेल्या अलेक्झांडर पेढीची राणीगंजची खाण १८३६ मध्ये विकत घेतली गेली, आणि पुढे १८४३ मध्ये तिच्यातूनच ‘बेंगॉल कोल कंपनी’ उभी राहिली. पैशाची पेटी म्हणून १८२९ मध्ये निघालेली ‘युनियन बँक’ होती, आणि तिच्यातही द्वारकानाथांचा शब्द चालत असे.

ह्या रचनेत एक दोष होता, आणि तो एकट्या द्वारकानाथांचा नव्हता, त्या काळचा होता. बँकेचे संचालक तेच पेढ्यांचे मालक. म्हणजे कर्ज देणारा आणि घेणारा पुष्कळदा एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेला एकच गृहस्थ. त्यातून भागीदाराची जबाबदारी अमर्याद. पेढी बुडाली तर भागीदाराचे राहते घर, घोडे, दागिने, इतकेच काय पण तांब्यापितळेची भांडीही घेणेकऱ्यांच्या हक्काची. भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच मर्यादित असावी हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यात आले ते १८५७ मध्ये, आणि बँकांना ते लागू झाले ते त्यानंतर तीन वर्षांनी. तोवर घरखर्च आणि पेढीखर्च वेगळा मांडण्याची कायद्याला गरज वाटत नव्हती, आणि माणसांनाही फारशी वाटत नव्हती. द्वारकानाथांच्या बेलगाछियाच्या बागबंगल्यात मेजवान्या झडत. त्यांना शौक म्हणावे की धंद्याचा खर्च म्हणावे, हे त्यांच्या कारकुनालाही सांगता आले नसते. साहेबलोक त्या मेजवान्यांना येत, आणि साहेबलोकांवरच पेढीचा व्यवहार चाले.

तरीसुद्धा हा उधळा दिसणारा माणूस आतून सावध होता. १८४० मध्ये, म्हणजे वैभवाच्या ऐन भरात, त्यांनी एक विश्वस्तपत्र केले. विराहिमपूर आणि कटक येथली वडिलार्जित जमीनदारी आणि शहाजादपूर व कालीग्राम ही स्वकष्टार्जित, अशा मालमत्ता त्यांनी विश्वस्तांच्या हाती देऊन मुलांच्या नावे बांधून टाकल्या. पेढी उद्या बुडाली तरी सावकाराचा हात ह्या जमिनींना लागू नये, हा हेतू. आजचा शहाणा सल्लागार ह्याहून निराळे काही सांगणार नाही.

द्वारकानाथ १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्ये वारले. वडील चिरंजीव देवेंद्रनाथ त्या वेळी एकोणतीस वर्षांचे होते. १८३९ मध्ये त्यांनी तत्त्वबोधिनी सभा स्थापिली होती, १८४३ मध्ये ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली होती, आणि धंद्यात त्यांचे मन नव्हते. मृत्युपत्रान्वये पेढीतला वडिलांचा अर्धा हिस्सा एकट्या देवेंद्रनाथांकडे यावयाचा होता. तो त्यांनी गिरींद्रनाथ आणि नगेंद्रनाथ ह्या धाकट्या भावांस बरोबरीने वाटून दिला आणि कारभार बव्हंशी गिरींद्रनाथांवर व पेढीच्या इंग्रज मंडळींवर सोपविला. मालकाचे लक्ष नसलेली पेढी आणि भाव उतरत चाललेली नीळ, अशी ही गाठ होती. १८४७ मध्ये लंडनच्या व्यापारावर मोठे अरिष्ट कोसळले, तेथील पेढ्यांवर काढलेल्या हुंड्या नाकारल्या जाऊ लागल्या, आणि निळीवर भरमसाट कर्जे देऊन बसलेली युनियन बँक १८४८ च्या जानेवारीत बंद पडली.

कार-टागोर पेढीचा शेवट कसा झाला ते देवेंद्रनाथांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तीस हजार रुपयांची एक हुंडी आली. दिवस मावळण्यापूर्वी पैसे चुकते झाले नाहीत तर पेढीची पत संपली. त्या दिवशी तीस हजार रुपये जमले नाहीत. वर्षानुवर्षे लाखांची उलाढाल करणारे घर अखेर बंद पडले ते एका दिवशी रोख न जमल्याने! धंदा नफ्यातोट्याने खंगतो, पण मरतो तो रोकड नसल्याने, ही गोष्ट आजही हिशेब पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते.

त्यानंतर घेणेकऱ्यांची सभा भरली. पेढीच्या वतीने गॉर्डन साहेबांनी ताळेबंद मांडला : देणे एक कोट, येणे सत्तर लाख, तूट तीस लाखांची. भागीदारांची खाजगी मालमत्ता घेणेकऱ्यांच्या हवाली करण्याची तयारी त्यांनी सांगितली, पण विश्वस्तपत्रातील जमिनींना कोणी हात लावू शकत नाही, असेही बजावले. ते कायद्याला धरूनच होते. तेव्हा देवेंद्रनाथांनी भावाशी विचार केला आणि सभेला कळविले की, त्या जमिनींवर आपला कायदेशीर हक्क पोहोचत नसला तरी पितृऋण फेडण्यासाठी आम्ही त्याही देऊन टाकावयास सिद्ध आहो.

सभेचा रंग पालटला. जे पेढी लुटली गेली असे समजून संतापाने आले होते त्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आले, असे देवेंद्रनाथ लिहितात. घेणेकऱ्यांनी मालमत्तेची व्यवस्था आपल्या हाती घेतली. कोर्टात कोणी धावले नाही. आणि उलट त्यांनीच ठाकूर कुटुंबाच्या निर्वाहासाठी वर्षाला पंचवीस हजार रुपये तोडून दिले. परतताना गाडीत देवेंद्रनाथ भावाला म्हणाले की आज आपण विश्वजित यज्ञ केला. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील रघू आपल्या श्रोत्यांना आठवेल. सर्वस्वदान करून बसलेला तो राजा दारी आलेल्या कौत्साचे स्वागत मातीच्या पात्राने करतो.

येथे थोडे थांबून दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली ही की हा वृत्तान्त आपणांस मुख्यतः देवेंद्रनाथांच्याच लेखणीतून मिळतो, आणि स्वतःच्या त्यागाची कथा सांगणारा माणूस कितीही सत्यनिष्ठ असला तरी दिवा त्याच्याच हाती असतो. दुसरी ही की वर्षाला पंचवीस हजार रुपये म्हणजे त्या काळी गरिबी नव्हे. पण उतार कोणत्या उंचीवरून झाला हे पाहिले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. इतका मोठा वाडा, इतके नातलग, आश्रित, नोकरचाकर, आणि त्यांच्या जोडीला काल-परवापर्यंत न मोजता खर्च करण्याची सवय. सवयीची वजाबाकी ही पैशाच्या वजाबाकीहून अवघड असते.

देवेंद्रनाथांनी ती कशी केली? नोकर कमी केले, गाड्याघोडे लिलावात काढले, जेवणाखाणावर आणि कपड्यालत्त्यावर मर्यादा घातली, आणि घरात राहूनच संन्याशासारखे राहू लागले. मला ह्यात क्रम महत्त्वाचा वाटतो. सरकारी नोकरीत काटकसरीची परिपत्रके वाचण्याचा योग मला पुष्कळदा येतो. त्यांत स्टेशनरी, प्रवासभत्ता आणि रिकाम्या जागा ह्यांवर आधी कुऱ्हाड पडते. ज्याच्या सहीने ती पडते त्याच्या मोटारीचा क्रमांक बहुधा शेवटी लागतो. जोडासांकोला मोटारीचा, म्हणजे त्या काळच्या घोडागाडीचा, क्रमांक आधी लागला. मालकाच्या दारची गाडी गेली हे साऱ्या शहराला दिसते, आणि घेणेकऱ्याला तर ते सर्वांत आधी दिसते. घेणेकरी थांबावयास तयार झाले, त्याच्या मुळाशी हे उघड दिसणारे काटछाटीचे धोरणही असले पाहिजे.

मात्र सारीच काटछाट अशी शोभिवंत नव्हती. कमी केलेले नोकर कोठे गेले हे आत्मचरित्र सांगत नाही. बांसबेडियाला सभेने चालविलेली तत्त्वबोधिनी पाठशाळा होती, मुलांना मातृभाषेतून शिक्षण देण्याचा तो एक लवकरचा प्रयत्न होता, आणि तीही पैशाअभावी बंद करावी लागली. धन्याने घोडे विकले तर धनी पायी चालतो. शाळा बंद झाली तर पोरांचे वर्ष जाते आणि पुष्कळदा आयुष्यही जाते. अडचणीच्या काळातील खर्चाची यादी वाचताना ह्या दोन ओळी एकाच रकान्यात असल्या तरी सारख्या नसतात.

काही काळ गेल्यावर गिरींद्रनाथांच्या लक्षात एक गोष्ट आली. तिचे श्रेय त्यांना द्यावयास हवे, कारण ह्या कथेत वडील भावाच्या तेजापुढे ते झाकले जातात. घेणेकऱ्यांनी चालविलेल्या व्यवस्थेचा खर्चच इतका होता की कर्ज फिटावे तितके फिटत नव्हते. त्यांनी घेणेकऱ्यांना सुचविले की कारभार आमच्याकडे द्यावा, आम्ही तो कमी खर्चात चालवून देणे लवकर वारू. ज्यांची पेढी नुकतीच बुडाली त्यांच्याच हाती वसुली पुन्हा सोपवावी, ही मागणी एरवी हास्यास्पद ठरली असती. घेणेकऱ्यांनी ती मान्य केली. कचेरी घरी आली, माणसे मोजकीच राहिली, आणि कर्ज उतरू लागले. सभेत जमिनी पुढे केल्या त्याचे व्याज ह्या रूपाने मिळाले, असे मी समजतो.

पण घर म्हणजे एकटा कर्ता पुरुष नव्हे. सर्वांत धाकटे नगेंद्रनाथ सढळ हाताचे होते. त्यांनी नवे कर्ज काढण्यासाठी वडील भावाची सही मागितली. देवेंद्रनाथांनी नकार दिला. फेडता येईल अशी खात्री नसताना मी सही कशी करू, हा त्यांचा सवाल होता. नगेंद्रनाथ रागावून घर सोडून गेले. १८५४ मध्ये गिरींद्रनाथ वारले, आणि ज्याच्या भरवशावर हिशेब चालला होता तो आधारच गेला. राहिलेले घेणेकरी अधीर झाले. चौदा हजार रुपयांच्या एका देण्यापायी देवेंद्रनाथांवर पकडवॉरंट निघाले, आणि आप्तांना मध्ये पडावे लागले. एकदा सर्वस्व दिले म्हणजे सुटलो असे होत नाही. मोठी सभा एका दिवसाची. नंतरचा तगादा वर्षांचा. १८५६ मध्ये ते हिमालयाकडे निघून गेले आणि १८५८ मध्ये परतले. पुढे कर्ज फिटले. वडिलांनी दानधर्मासाठी कबूल केलेले एक लाख रुपयेही, कोणी मागत नसता, त्यांनी व्याजासह दिले.

मराठी श्रोत्यास ह्यावरून थोरले माधवराव आठवल्यावाचून राहणार नाहीत. १७७२ मध्ये थेऊरला मृत्युशय्येवर असताना त्यांनी जी कलमे लिहवून घेतली त्यांत राज्यावरील कर्ज वारण्याची आज्ञा होती. खाजगीतला पैसा त्या कामी लावावा हा त्यांचा आग्रह राज्यकर्त्यांत विरळाच. आपल्या मुंबईनेही कलकत्त्याचा हा धडा सतरा वर्षांनी स्वतःच्या खर्चाने गिरविला. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, कंपन्यांचे भाग घेण्याचे वेड शहराला लागले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा खाली आला. डॉक्टर भाऊ दाजी लाडांसारख्या विद्वानाची मिळकत त्यात गेली. त्यांनी त्यानंतरही रुग्णसेवा आणि शिलालेखांचा अभ्यास सोडला नाही, ही त्यांची थोरवी. पण भाव चढत असता हात आखडता घेणे किती कठीण असते, हे भाऊंसारख्यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते.

टागोरांचे कर्ज शेवटी फिटले कोठून? जमिनींच्या उत्पन्नातून. म्हणजे विराहिमपूर आणि शहाजादपूर येथील रयतेने भरलेल्या साऱ्यातून. ज्या निळीच्या आणि रेशमाच्या सट्ट्यात ही माणसे कधी सामील नव्हती, त्याची तूट त्यांच्या भाताने भरून काढली. देवेंद्रनाथांच्या सचोटीला ह्याने बाध येत नाही. पण हिशेब पुरा मांडावयाचा तर ही नोंदही करावयास हवी. १८९० च्या सुमारास रवींद्रनाथ ह्याच जमिनींची व्यवस्था पाहण्यासाठी शिलाईदहास गेले. सावकारी पाशात सापडलेले शेतकरी पाहून त्यांनी पुढे कालीग्रामच्या पतिसरला शेतकी बँक काढली आणि १९१३ च्या नोबेल पारितोषिकाचा पैसा तीत ठेवला. तो पैसा पुष्कळसा परत आला नाही. आजोबांची बँक श्रीमंतांना उसने देऊन बुडाली, नातवाची गरिबांना देऊन.

कर्जाच्या त्या वर्षांनी घराला जे वळण लावले ते नंतर बरीच वर्षे टिकले. रवींद्रनाथ १८६१ चे. वाईट दिवस तेव्हा बरेच मागे पडले होते. तरीही आपल्या आठवणींत ते सांगतात की दहा वर्षांचे होईपर्यंत मोजे म्हणून कधी पायांत घातले नाहीत. थंडीत एका सुती सदऱ्यावर दुसरा चढविला की झाले. आणि दुःख एवढेच की घरचा शिंपी सदऱ्याला खिसा लावावयाचे विसरे. वडील भाऊ सत्येंद्रनाथ सनदी परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली. ते साताऱ्यास न्यायाधीश होते. मराठी शिकून त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. कन्या इंदिरादेवी ह्यांच्यासह त्यांनीच वडिलांचे आत्मचरित्र इंग्रजीत उतरविले, आणि तीस हजारांच्या हुंडीची ती हकीकत बंगालबाहेर पोहोचली.

१८७३ मध्ये देवेंद्रनाथ अकरा वर्षांच्या रवीला हिमालयात घेऊन गेले. वाटखर्चाचे थोडे पैसे त्यांनी मुलाच्या हाती दिले आणि त्यांचा हिशेब ठेवावयास सांगितले. मुलगा भिकाऱ्यांना देई, हिशेब जुळत नसे. एकदा तर शिल्लक जमेपेक्षा जास्त निघाली. वडील हसून म्हणाले की तुलाच खजिनदार नेमावयास हवे, तुझ्या हाती पैसा वाढतो. पुढे रवींद्रनाथांकडे जमीनदारीचे काम आले, तेव्हा दर महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेस त्यांना पार्क स्ट्रीटच्या घरी जाऊन वडिलांना जमाखर्च वाचून दाखवावा लागे. देवेंद्रनाथांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. ते आकडे ऐकत, मागच्या महिन्याचे आणि मागच्या वर्षाचे आकडे मनात धरून ताडून पाहत, आणि कोठे फरक आढळला की वाचन थांबवून कारण विचारीत. अवघड जागा झटकन वाचून पुढे जाण्याची मुलाची युक्ती तेथे चालत नसे.